सोळावी रांग

आदिलाबाद,
२० नोव्हेंबर १९९६

प्रिय दौलत,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो, कारण तू तब्येतीबद्दल कधी धड लिहीत नाहीस. मागच्या पत्रात चार पानं गणित, आणि अगदी तळाशी ‘राहीला ताप आहे.’ उतरला का तो? घरी मनकर्णाला वाचून दाखवलं तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "तुमी दोघं पत्र लिवता का पेपर सोडवता? बाई तापानं फणफणून राह्यली आन् यायले आकडे सुचते!" वहिनींना तिचा नमस्कार सांग. लसणाचं तिखट पाठवतेय, ते बेज्जूरला पोचेपर्यंत वाटेत कुणी खाल्लं नाही तर मिळेल.

आता मोठी बातमी. डिसेंबरात आमच्या कॉलेजात गणितज्ञांचा मेळा भरतोय. हसू नकोस. मद्रासचे (आता चेन्नई म्हणायचं म्हणे) प्रा. वैद्यलिंगम आणि त्यांच्याबरोबर कलकत्ता, मुंबई, बंगलोरचे दहा-बारा जण. विषय, ‘संभाव्यतेतली अचूक सुटणारी प्रतिमानं’. गेल्या उन्हाळ्यात हैदराबादच्या रिफ्रेशर कोर्सला मी त्यांना आपलं तोंडदेखलं म्हणालो होतो की आमच्याकडे हिवाळ्यात हवा फार छान असते, एकदा या. आपल्याकडे ‘या’ म्हटलं की माणूस ‘बघू’ म्हणतो. हा माणूस तारीख सांगून मोकळा झाला. फोन नाही, पाहुणेरावळे नाहीत, अशी जागा त्यांना हवीच होती.

प्रिन्सिपॉलसाहेबांना विषय समजावताना माझा घाम निघाला. "अचूक सुटणारी म्हणजे काय? बाकीची सुटत नाहीत?" मी म्हटलं, साहेब, बहुतेक प्रश्नांचं उत्तर अंदाजे येतं. थोडेच असे असतात की त्यांचं उत्तर एका ओळीच्या सूत्रात नेमकं बसतं, कुठे काही शिल्लक उरत नाही. हे लोक तसले प्रश्न शोधतात. साहेब म्हणाले, "बॅनरवर ऑल इंडिया लिहा."

त्यांना मी उदाहरण आपल्या आसिफाबादच्या जिनिंग मिलचं दिलं. आठवतं ना, आवाराभोवती कापसाच्या गाड्यांची गोल रांग, मध्येमध्ये ट्रॅक्टर, मध्येच एखादी मोकळी जागा. पुढची जागा मोकळी असली तरच गाडी सरकणार. ट्रॅक्टरही तसाच सरकणार, पण त्याच्या पुढे बैलगाडी आली तर तिला मागे टाकून तो तिच्या जागी घुसणार. गाडीवर बसल्या बसल्या तू विचारलं होतंस, "अमृत्या, हे असंच दिसभर चाललं तं कोनती रांग किती येळा दिसंल?" मी म्हणालो होतो, आधी कापूस झाक, आभाळ आलंय. त्या एका प्रश्नावर तू आज आठ वर्षं बसला आहेस. शाळा सांभाळून, बेज्जूरच्या जंगलात, एकटा. हे मी कौतुकाने म्हणतोय.

तर तुझ्या पत्राचं उत्तर. पाचव्या पायरीपर्यंत, म्हणजे पाच जागांच्या वर्तुळापर्यंत, तुझं सूत्र तू हाताने पडताळलंस, आणि सहावी हाताने होण्यासारखी नाही म्हणून आमच्या कॉम्प्युटरवर करून मागितलीस. केली. दौलत, वाईट वाटून घेऊ नकोस. सहा जागांचं वर्तुळ, दोन गाड्या, दोन ट्रॅक्टर, दोन जागा मोकळ्या. सगळ्या रांगांच्या आकड्यांची शेवटी जी बेरीज येते तिचे अवयव पाडायला घेतले तर आधी दोन, तीन असे लहान लहान निघतात आणि मग एकदम १३१९ उभा राहतो. मूळ संख्या आहे, मी तपासलं. तुला मी काय सांगावं? सूत्र असतं तर सगळे अवयव बारीक निघाले असते. एवढा मोठा धोंडा निघाला म्हणजे आत सूत्र नाही. दोनदा चालवून पाहिलं. यंत्राला ना कोणी मित्र, ना कोणी वैरी.

मेळ्यात तुझ्यासाठी अर्धा तास ठेवला होता. आता काय बोलशील ते तूच ठरव. नाही बोललास तरी ये. जेवण चांगलं आहे, एवढं मी बघितलं आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अमृत


आदिलाबाद,
७ डिसेंबर १९९६

प्रिय दौलत,

तुझं पत्र काल आलं. ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. मनकर्णानेही पत्र वाचलं. वाचून झाल्यावर तिने ते माझ्या पुढ्यात ठेवलं आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. ती भांडी कधी आपटते हे तुला माहीत आहे.

तू लिहितोस, ‘बरं झालं अमृत्या, तुह्या कॉम्प्युटरनं सांगतलं. नाईतं मी आनखी आठ वर्सं त्याच रांगेत उभा राह्यलो असतो. तुहे उपकार हायेत.’ माणसाने एवढे उपकार मानू नयेत, दौलत. मी काही केलेलं नाही. खरंच काही केलेलं नाही.

पण अभ्यासरजेचा अर्ज मागे घ्यायची घाई काऊन केलीस तू? हैदराबादला दोन वर्षं, पगारी रजा, नावापुढे डॉक्टर. यासाठी तू हेडमास्तरच्या किती मिनतवाऱ्या केल्यास ते मी पाहिलं आहे. पुढल्या वर्षी तुझं वय बसत नाही, हे तुझ्याच पत्रात आहे. एका सूत्रासाठी का रजा मागितली होतीस? तिथे जाऊन दुसरं काही शोधलं असतंस. अर्ज परत देता येतो का ते बघ. महिनाअखेरपर्यंत मुदत असेल. आणि एक सांगतो, कॉम्प्युटर म्हणजे काही देव नाही. त्यालाही

असो. गाद्यांचं सांगायचं राहिलं. पाहुण्यांसाठी गाद्या आणल्या त्या मंगल कार्यालयातल्या. प्रत्येक गादीवर लाल रंगात ‘शुभमंगल’ छापलेलं आहे. कलकत्त्याचे साठीचे गृहस्थ त्यावर झोपणार. मनकर्णा म्हणाली, वरून चादरी घाला आन् गुमान राहा.

साहेबांनी कॉम्प्युटरची खोली नव्याने रंगवली. दारात पाटी लावली, ‘पादत्राणे बाहेर काढावी’. खोलीची किल्ली माझ्याकडे असते हे ते प्रत्येकाला सांगतात. वैद्यलिंगमनी पत्रातून विचारलं होतं की तुमच्याकडे मशीन आहे का, एखाद वेळी गरज पडेल. साहेबांनी मला न विचारता उलट टपाली कळवलं, मशीन आहे आणि तज्ज्ञही आहेत. हे तज्ज्ञ म्हणजे मी.

राहीवहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत असं तू लिहिलंस, आणि मग त्या म्हणाल्या, "भाऊजीनं पाह्यलं म्हंजे बराबरच पाह्यलं असंल." तेवढी ओळ तू लिहायला नको होती.

मेळ्याला येत नाहीस तर नको येऊस. मी आग्रह करत नाही.

अमृत


आदिलाबाद,
१८ डिसेंबर १९९६

प्रिय दौलत,

कार्यक्रम छान चालला आहे. थंडी कडाक्याची. पाहुण्यांना ज्वारीची भाकरी फार आवडली, बंगलोरचे एक जण तीन खातात. काल वैद्यलिंगम बोलले. विषय तुझ्या प्रश्नाच्या जवळपासचा होता. त्यांचा सहाव्या पायरीचा आकडा आपल्यापेक्षा वेगळा आहे. नियमात कुठेतरी फरक असेल. सविस्तर नंतर लिहितो, पोस्टकार्डावर जागा संपली.

अमृत


कागजनगर,
२२ डिसेंबर १९९६

दौलत,

हे पत्र तुला पोस्टमन देणार नाही. ज्यांनी दिलं ते प्रा. वैद्यलिंगम. त्यांना आधी बसायला दे, पाणी दे. ते थांबतील. मग हे वाच. काल संध्याकाळी इथे लॉजवर उतरलो आणि तेव्हापासून लिहितोय. तीन कागद फाडले. प्रत्येक वेळी तुझ्या तब्येतीची चौकशी करून सुरुवात करत होतो.

तुझी सहावी पायरी कॉम्प्युटरने केली नाही. कॉम्प्युटर मला चालवता येत नाही. सुरू करता येतो, बंद करता येतो, वेळापत्रक टाईप करता येतं, आणि त्यात विटा फोडायचा एक खेळ आहे तो येतो. बस. हैदराबादला पंधरा दिवसांचं ट्रेनिंग झालं तेव्हा माझ्याशेजारी सगळी विशी-बाविशीतली पोरं. ती विचारत होती, मी मान डोलवत होतो. दुसऱ्या आठवड्यात विचारायची सोय राहिली नाही, कारण पहिल्या आठवड्यात मला सगळं समजलं होतं ना. सर्टिफिकेट मिळालं. साहेबांनी सत्कार केला. त्यानंतर दोन वर्षं मी रोज त्या दारात चपला काढतो, आत जातो आणि दार लावून बसतो. बाहेरच्यांना वाटतं की आत काम चाललंय.

तुझं पत्र आलं तेव्हा एका ओळीत लिहिता आलं असतं, दौलत, मला हे येत नाही, नागपुरात कुणाकडून करून घे. लाज वाटली. तुझ्यापुढे लाज वाटली रे. बी.एस्सी.ला तू पहिला आणि मी दुसरा, एम.एस्सी.ला तू पहिला आणि मी दुसरा, आणि तरी कॉलेजात लागलो मी आणि बेज्जूरच्या शाळेत गेलास तू. माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त असं एकच होतं, ते यंत्र.

म्हणून हाताने केलं. परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून बसलो होतो, तिथे कोऱ्या पुरवण्यांवर. आधी वेगवेगळ्या रांगा किती ते काढलं. सहा जागांवर दोन-दोन-दोन मांडायच्या रीती नव्वद. वर्तुळ फिरवलं तर सहा वेळा तीच रांग दिसते, म्हणून सहाने भागायचं. नव्वद भागिले सहा, पंधरा. बाकी शून्य. बाकी राहिली असती तर थांबलो असतो. पंधरा रांगा शोधायला बसलो, पंधरा सापडल्या, आणि पेन खाली ठेवलं. मग समीकरणं, मग बेरीज, मग १३१९.

रांगा सोळा आहेत. गाडी, ट्रॅक्टर, मोकळी, आणि पुन्हा गाडी, ट्रॅक्टर, मोकळी, अशी रांग अर्धं वर्तुळ फिरवलं की जशीच्या तशी दिसते. तिची सहा नाही, तीनच रूपं होतात. गाडी, मोकळी, ट्रॅक्टर, ही दुसरी तशीच. चौदा रांगांची सहा-सहा रूपं आणि या दोघींची तीन-तीन, मिळून नव्वद. पाचव्या पायरीपर्यंत असली रांग येतच नाही, सहाव्यालाच पहिल्यांदा येते. दोघींपैकी एक माझ्या हाती लागली होती. दुसरी, सोळावी, मी शोधलीच नाही, कारण पंधरा झाल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या पोराला या चुकीसाठी मी वर्गात उभं करतो.

पण दौलत, चूक ही चूक. कुणाकडूनही होते. मला दुसरंच सांगायचंय, आणि ते सांगायच्या आधी मी दोनदा खाली जाऊन चहा पिऊन आलो.

तुझं पाच पायऱ्यांचं पत्र आलं तेव्हा मी ते तपासलं. बरोबर होतं. सुंदर होतं. आणि मला ते आवडलं नाही. आठवडाभर मी कुणाशी धड बोललो नाही. मनकर्णा विचारायची, "काय झालं, पोट दुखते काय?" मी हो म्हणायचो. मग त्या पुरवणीवर १३१९ आला. भागून पाहिलं, भागला जाईना. आणि मला आनंद झाला. तुझं सूत्र मोडलं म्हणून मला आनंद झाला, दौलत. परीक्षेच्या त्या खोलीत, पोरांच्या समोर, मी एकटाच हसलो. आकडा सुबक आला असता तर मी तो दहादा तपासला असता. मोडका आला म्हणून एकदाही तपासला नाही. ‘दोनदा चालवून पाहिलं’ हे मी तुला लिहिलं तेव्हा मला अगदी शांत वाटत होतं.

मग तुझं उपकाराचं पत्र आलं. रजेचा अर्ज मागे घेतलास ते वाचलं. त्यावरच्या माझ्या पत्रात एक वाक्य अर्धवट सुटलं आहे ते तू पाहिलं असशील. ते पुरं करायला बसलो असतो तर गाद्यांचं लिहावं लागलं नसतं.

मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी वैद्यलिंगम फळ्याशी गेले आणि त्यांनी तुझे नियम लिहिले. त्यात बैल नव्हते, ट्रॅक्टर नव्हते, पहिल्या वर्गाचे आणि दुसऱ्या वर्गाचे कण होते, पण नियम तुझेच. नंतर सहाव्या पायरीचा आकडा लिहिला, खाली त्याचे अवयव. सगळे बारीक. एकही धोंडा नाही. आणि त्याखाली सूत्र. दौलत, अक्षरं वेगळी होती, पण ते तुझं सूत्र होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ते म्हणाले, अजून ही फक्त अटकळ आहे, सिद्धता माझ्याकडे नाही. हे कुणी आधी कुठे पाहिलंय का? खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी पहिल्या रांगेत होतो. आयोजक ना. मी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि तो भरून आणायला बाहेर गेलो.

त्या दुपारी सोळावी रांग सापडली. शोधायला बसलो आणि लगेच सापडली. दुसऱ्या दिवशी तुला पोस्टकार्ड टाकलं. पोस्टकार्ड मुद्दाम घेतलं होतं. पुढचे दोन दिवस मी गरम पाणी, भाकऱ्या, बसची तिकिटं यातच होतो, आणि जो तो म्हणत होता, अमृतराव किती धावपळ करतात.

काल सकाळी बसस्टँडवर त्यांना सोडायला गेलो. हैदराबादची बस लागलेली. साहेब शाल आणि नारळ घेऊन आलेले. वैद्यलिंगम खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, "तुम्ही आमच्यासाठी फार केलंत. हा निबंध छापला की त्यात पहिले आभार तुमचे." तुझे उपकार आणि त्यांचे आभार. एका महिन्यात दोघांनी मला धन्यवाद दिले. मला ते सोसलं नाही. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा मी बोललो. बघ, तेव्हाही वेळ कशी निवडली, की बस निघून जावी आणि त्यांना उलट काही विचारता येऊ नये.

मी इंग्रजीतून म्हणालो की हे सूत्र माझ्या मित्राचं आहे, दोन महिन्यांपूर्वी त्याने मला कळवलं होतं, मी ते चुकीचं ठरवलं.  त्यांनी कंडक्टरला ओरडून बस थांबवली, बॅग घेतली आणि उतरले. अंगाने जाड माणूस, त्या दारातून उतरताना त्यांचा चष्मा पडला. तो मी उचलून दिला. त्यांनी विचारलं, "कसं ठरवलंत?" मी म्हणालो, हाताने. "पण तुमच्याकडे मशीन आहे." तेव्हा साहेबांच्या समोर, स्टँडवरच्या पानवाल्याच्या समोर, मी म्हणालो की मशीन मला चालवता येत नाही, कधीच येत नव्हतं. साहेबांना इंग्रजी कळतं. त्यांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली आणि स्कूटर सुरू केली. सोमवारी कॉलेजात काय होईल ते होवो. आज मला त्याचं काही वाटत नाही.

मी त्यांना सांगितलं की हे सगळं पत्राने कळवतो. ते म्हणाले, "पत्र तुम्ही आधीही लिहिलंत. कुठे राहतात ते?" इकडच्या बसमध्ये बसल्यावर मी त्यांना सांगितलं की मी पंधराच रांगा धरल्या होत्या; आसिफाबादपर्यंत ते वहीत रांगा मांडत बसले. मग विचारलं, पंधरा कसे आले? मी सांगितलं, नव्वद भागिले सहा. ते हसले. बसमध्ये मोठ्याने हसले. वांकिडीचा फाटा येऊन गेला तरी मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. आपल्या गावच्या वाटेवर कुणी ओळखीचं भेटू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कागजनगरला उतरल्यावर ते म्हणाले, "चूक माझ्याकडूनही झाली असती. तुम्ही यंत्राचं नाव का घेतलंत?" मी त्यांची बॅग उचलली आणि लॉजची वाट धरली.

त्यांचं म्हणणं नीट ऐक. सूत्र तुझं, हे ते लिहून द्यायला तयार आहेत. त्या चार पानांच्या पत्रात तू दोन वर्तुळं जोडायची जी युक्ती लिहिली होतीस, तिच्याबद्दल मी जेवढं जाणतो तेवढं त्यांना सांगितलं. ते जेवता जेवता उठून उभे राहिले. अर्धी सिद्धता तिथेच आहे असं त्यांना वाटतं. ती त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायची आहे. आणि रजेचा अर्ज परत दे, महिना संपायला अजून दिवस आहेत. त्यांचं पत्र जोडलंस तर हेडमास्तरला नाही म्हणता येणार नाही. इंग्रजीला घाबरू नकोस. फळा दे आणि खडू दे, तुम्हा दोघांना तेवढं पुरेल.

यातलं सगळं त्यांना ठाऊक आहे. परीक्षेच्या खोलीत मी हसलो, तेवढं सोडून. ते कुणालाच ठाऊक नाही, मनकर्णालाही नाही. ते फक्त तुला सांगितलं. इतरांना माझी चूक कळली, माझं खोटं कळलं. तुझ्याबाबतीत माझं मन कसं होतं ते तुला कळायला हवं, कारण मित्र समजून पत्र तू लिहीत होतास.

*

हे आता बेज्जूरच्या स्टँडवरून लिहितोय, बाकावर बसून. वैद्यलिंगम शेजारी उभे आहेत आणि पाकीट बंद करायची वाट बघताहेत. शाळेकडे जाणारा एक माणूस भेटला आहे, तो त्यांना तुझ्या घरापर्यंत आणील. ते म्हणाले, तुम्हीही चला. मी नाही म्हणालो. एवढ्या लांब आलो, पण इथून तुझ्या घरापर्यंत माझ्याने येववत नाही.

परतीची बस पाचला आहे, तोवर मी इथेच आहे. तू आलास तर मनात येईल ते बोल, मी उलटून बोलणार नाही. नाही आलास तर तेही मला समजेल, बसमध्ये चढेन. पण राहीवहिनींना पाठवू नकोस. त्या येतील, त्यांना ओळखतोस ना तू, त्या येतील आणि म्हणतील, "भाऊजी, उन्हात काऊन बसले, घरी चला." आणि मला उठावं लागेल.

ज्याच्यावर त्यांनी विश्वास टाकला तो,
अमृत